आकाशातला दगड आणि माणसाची पूर्वतयारी



कामगार संघटनेचा माणूस वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो महागाई-भत्ता, ठेकेदारी अथवा कामगार-कायदा यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आम्ही मात्र आज आकाशातून पृथ्वीवर येऊ शकणाऱ्या दगडांविषयी, आणि त्यांना वाटेतच अडवण्यासाठी माणसाने केलेल्या तयारीच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून एका सोबत्याने विचारले, "अहो, जमिनीवरचे दगड थोडे पडले काय, म्हणून आता आकाशातले?" प्रश्न विनोदाचा असला तरी त्याचे उत्तर गंभीरपणे दिले पाहिजे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे; पुढचे जे झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे खगोलशास्त्राच्या दारात आम्ही पाहुणेच आहोत. परंतु अपघात होण्यापूर्वी त्याचा बंदोबस्त कसा करावा, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि इशारा कोणाला मिळावा, हे प्रश्न आमच्या रोजच्या कामाचे आहेत; आणि आकाशातल्या दगडाची कथा नेमकी याच प्रश्नांची कथा आहे.

आकाशातून काही अनिष्ट येईल ही भीती फार जुनी आहे. धूमकेतू दिसला की राजा मरणार, दुष्काळ पडणार, असे जगातील अनेक देशांत मानले जाई. या भीतीतून तयारी निघत नाही, शांतिपाठ निघतो. कारण जे केव्हाही, कोठूनही आणि कोणाच्याही लहरीने येते, त्याची तयारी करणार तरी कशी? तयारीचा पहिला पाया घातला तो हिशेबाने. १७०५ साली इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी दाखवून दिले की, १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले धूमकेतू वस्तुतः एकच असून तो ठराविक काळाने परत येतो. १७५८ च्या अखेरीस तो खरोखरच परत आला. हॅली तोवर निवर्तले होते. परंतु आकाशातल्या पाहुण्याचे वेळापत्रक मांडता येते, हे सिद्ध झाले होते.

तथापि वेळापत्रक मांडणाऱ्यांच्या हाती आले म्हणजे लोकांच्या मनातली भीती लगेच जाते असे नाही. १७७३ साली पॅरिसमध्ये लालांद या ज्योतिर्विदांनी पृथ्वीजवळ येऊ शकणाऱ्या धूमकेतूंवर एक निबंध तयार केला. ठरल्या दिवशी त्याचे वाचन राहून गेले आणि न वाचलेल्या निबंधाबद्दल अफवा उठली की, पृथ्वीचा अंत जवळ आला आहे. लालांद यांना वर्तमानपत्रात खुलासा करावा लागला, आणि व्होल्तेअर यांनी या घबराटीची थट्टा करणारे एक पत्र लिहिले. पुढे १९१० साली हॅलीच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार आणि त्या शेपटीत विषारी वायू आहे, असे प्रसिद्ध झाले, तेव्हा अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्या विकणारे व्यापारीही निघाले! शेपटीतील वायू इतका विरळ होता की, त्याने कोणाचेच काही बिघडले नाही. गोळ्या विकणाऱ्यांचे मात्र भले झाले. अर्धी माहिती अज्ञानाहून महाग पडते, हा या दोन्ही प्रसंगांचा धडा आहे. तो पुढे उपयोगी पडेल.

धूमकेतूंपेक्षा अधिक महत्त्वाचे निघाले ते लघुग्रह. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ज्युझेप्पे पियाझी यांना सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला. थोड्याच दिवसांत तो सूर्याच्या तेजात दिसेनासा झाला. तेव्हा गाउस या तरुण जर्मन गणितज्ञाने मोजक्या नोंदींवरून त्याची कक्षा काढून दिली, आणि त्या हिशेबाप्रमाणे तो पुन्हा सापडला. अशा सहस्रावधी दगडांचा पट्टा मंगळ व गुरू यांच्या दरम्यान आहे, हे हळूहळू कळले. तेवढेच असते तर काळजीचे कारण नव्हते. परंतु १८९८ साली बर्लिनमध्ये सापडलेला एरॉस हा लघुग्रह पृथ्वीच्या बऱ्याच जवळ येणारा निघाला, आणि १९३२ साली सापडलेला अपोलो तर पृथ्वीची कक्षाच ओलांडणारा निघाला. १९३७ साली हर्मिस नावाचा एक दगड पृथ्वीजवळून सणसणत गेला आणि पुरेशा नोंदी होण्याच्या आत हरवला. तो पुन्हा सापडला २००३ साली! सहासष्ट वर्षे गैरहजर असलेल्या या दगडाकडे पाहिले म्हणजे आकाशाचा हजेरीपट ठेवणे किती अवघड आहे, याची कल्पना येते.

परंतु दगड जवळून जातात एवढ्याने ते पडतात असे ठरत नाही. ते पडल्याचा पुरावा जमिनीवर होता; तो वाचता येत नव्हता. अमेरिकेतील ॲरिझोनात सुमारे सव्वा किलोमीटर रुंदीचा एक मोठा खड्डा आहे. १८९१ साली गिल्बर्ट या नामवंत भूगर्भशास्त्रज्ञांनी तो पाहून निर्णय दिला की, हा जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटाने पडला आहे. १९०३ पासून डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाने उलटा दावा धरला की, हा आकाशातून पडलेल्या लोखंडी गोळ्याचा खड्डा असून तो गोळा आत पुरलेला आहे. पंचवीसेक वर्षे त्याने पैसा ओतून भोके पाडली. खड्ड्याविषयी त्याचे म्हणणे खरे होते. लोखंडाविषयी खोटे ठरले. एवढ्या वेगाने आदळणारी वस्तू जमिनीत रुतून बसत नाही; ती स्वतःच्या वेगाच्या उष्णतेने फुटते, वितळते आणि बहुतांशी नाहीशी होते. १९६० साली यूजीन शूमेकर व त्यांचे सहकारी यांनी त्या खड्ड्यात कोएसाइट हे खनिज असल्याचे दाखवले. प्रचंड दाबाखालीच तयार होणाऱ्या या खनिजाने वाद मिटला. शूमेकर यांनी त्यापूर्वी नेवाडातील अणुस्फोटांचे खड्डे अभ्यासले होते. माणसाने स्वतः केलेल्या विध्वंसावरून निसर्गाच्या विध्वंसाची ओळख पटावी, ही विसाव्या शतकाची शोकांतिकाच म्हणावी लागेल.

असाच पुरावा आपल्या दारातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. लवणासुराला विष्णूने दैत्यसूदनाच्या रूपाने तेथे मारले, अशी कथा लोक सांगत आले. सरोवर दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे, आणि हा पाषाण ज्वालामुखीचा. म्हणून हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक विद्वानांनी पुष्कळ काळ मानले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी व भारतीय शास्त्रज्ञांच्या संशोधनात तेथील दगडांत आघाताने काच बनलेली खनिजे आढळली, आणि हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आकाशातील आघाताचे आहे हे पक्के झाले. काळ्या पाषाणातील आघात-विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. त्यांत लोणारचे स्थान मोठे आहे. ज्या भूमीवर आपण शेती करतो, तिनेही हा घाव सोसलेला आहे.

माणसाच्या आठवणीतला मोठा घाव सैबेरियातला. ३० जून १९०८ च्या सकाळी तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशात एक स्फोट झाला आणि दोन हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांतील अरण्य आडवे झाले. वस्ती विरळ होती म्हणून जीवितहानी फारशी झाली नाही. झारशाहीच्या त्या काळात तेथे कोणी चौकशीस गेले नाही; महायुद्ध आणि क्रांती होऊन गेल्यावर, १९२७ साली, लिओनिद कुलिक हे शास्त्रज्ञ प्रत्यक्ष स्थळी पोचले. त्यांना खड्डा सापडला नाही. मध्यभागापासून सर्व दिशांना पालथी पडलेली झाडे तेवढी दिसली. दगड जमिनीवर न पोचता हवेतच फुटला होता. एकोणीस वर्षांनी झालेला पंचनामा! ज्या भागातली माणसे गरीब आणि थोडी, तेथला अपघात असाच उशिरा नोंदवला जातो.

यानंतरचा मोठा टप्पा १९८० सालचा. लुइस अल्वारेझ, त्यांचे चिरंजीव वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतील गुब्बियो येथील खडकांत मातीचा एक पातळ थर तपासला. त्यात इरिडियम ही पृथ्वीच्या पृष्ठभागावर दुर्मीळ, पण उल्कापाषाणांत तुलनेने विपुल असलेली धातू भलत्याच प्रमाणात निघाली. डायनोसॉरांचा अंत झाला तो काळ आणि त्या थराचा काळ एकच. पुढे मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे विवर ओळखले गेले, तेव्हा पुराव्याची साखळी जुळली. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसाहून अधिक तुकडे गुरूवर एकापाठोपाठ आदळले, आणि जगभरच्या दुर्बिणींनी ते डाग पाहिले. असे आघात पुराणकाळी होत असतील, आता होत नाहीत, असे म्हणण्याची सोय त्या आठवड्यात संपली.

आता तयारीचा इतिहास. तो विद्यार्थ्यांपासून सुरू होतो, ही आनंदाची गोष्ट आहे. १९६७ च्या वसंतात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत प्राध्यापक पॉल सँडॉर्फ यांनी विद्यार्थ्यांना एक कूट घातले: इकॅरस नावाचा लघुग्रह १९६८ च्या जूनमध्ये पृथ्वीवर आदळणार आहे असे समजा, काय कराल? वास्तविक तो साठ लाख किलोमीटरांहून अधिक अंतरावरून जाणार होता, आणि तसाच गेला. विद्यार्थ्यांनी योजना मांडली की, सहा सॅटर्न-पाच अग्निबाण सोडावेत आणि प्रत्येकावर १०० मेगाटनांचा अणुबाँब ठेवावा. म्हणजे त्या काळच्या माणसाजवळ जे सर्वांत मोठे हत्यार होते, तेच त्याला आठवले.

परंतु प्रश्नाचे गणित वेगळेच आहे, आणि ते कोणाही रेल्वे कामगाराला पटकन कळेल. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जाते. स्वतःच्या व्यासाएवढे अंतर कापायला तिला सुमारे सात मिनिटे लागतात. तेव्हा येणारा दगड फोडलाच पाहिजे असे नाही. तो फाटकावर सात-आठ मिनिटे उशिरा पोचला तरी पृथ्वीची गाडी निघून गेलेली असते. दगडाच्या वेगात सेकंदाला दोन सेंटिमीटरांचा, म्हणजे मुंगीच्या चालीएवढा, फरक दहा वर्षे आधी केला, तर साध्या गुणाकारानेही तो सहा हजार किलोमीटरांनी, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, बाजूला जातो. दहा वर्षे आधी कळले तर धक्का पुरतो. दहा दिवस आधी कळले तर बाँबही पुरा पडेल की नाही याची शंका. म्हणून या सर्व तयारीत पहिले काम पहाऱ्याचे आहे, हत्याराचे नंतर.

हा पहारा कसा उभा राहिला? १९७३ साली शूमेकर आणि एलेनॉर हेलिन यांनी पालोमार येथील अवघ्या १८ इंची दुर्बिणीवर पृथ्वीजवळच्या लघुग्रहांचा पद्धतशीर शोध सुरू केला. योगायोगाने त्याच वर्षी आर्थर क्लार्क यांच्या एका कादंबरीत 'स्पेसगार्ड' हे पहाऱ्याचे नाव आले. १९९२ साली नासाच्या अहवालाने तेच नाव उचलले. १९९८ साली नासाने ध्येय ठरवले की, एक किलोमीटरहून मोठ्या अशा दगडांपैकी ९० टक्के दहा वर्षांत शोधावेत. अमेरिकेच्या हवाईदलाने उपग्रहांवर नजर ठेवण्यासाठी बनवलेली उपकरणे न्यू मेक्सिकोत या कामाला लागली, आणि ध्येय थोड्या विलंबाने पुरे झाले. २००५ साली अमेरिकी काँग्रेसने पुढचा आदेश दिला की, १४० मीटरहून मोठ्यांपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधावेत. हे मात्र झाले नाही. अशा दगडांची संख्या सुमारे २५ हजार असावी असा अंदाज आहे, आणि त्यांपैकी निम्मेही अजून नोंदले गेलेले नाहीत. आदेश निघाला, त्याच्या तोलाचा पैसा वेळेवर निघाला नाही. हा अनुभव कामगारांना नवा नाही.

येथे आम्हाला एका कारखान्याची गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील दाबयंत्रांना संरक्षक जाळ्या बसवाव्यात म्हणून आमची संघटना दोन वर्षे अर्ज करीत होती. व्यवस्थापक विचारीत, "आजवर कोणाचा हात गेला आहे काय?" अखेर जाळ्या बसल्या आणि त्यानंतर कोणाला इजा झाली नाही. काही वर्षांनी नवे व्यवस्थापक आले. ते म्हणू लागले, "इजा होतच नाही, तर जाळ्यांच्या दुरुस्तीवर खर्च कशाला?" प्रतिबंधाच्या कामाचे हेच दुर्दैव आहे. जो अपघात झाला नाही त्याची बातमी होत नाही, आणि ज्याने तो टाळला त्याला बढती मिळत नाही. रात्र रात्र आकाशाची छायाचित्रे चाळणाऱ्या माणसांचे काम नेमके याच जातीचे आहे.

पहाऱ्याबरोबर हत्याराचा वाद आला. १९९२ साली लॉस अलामॉस येथे भरलेल्या बैठकीत हायड्रोजन बाँबचे एक जनक एडवर्ड टेलर यांनी या कामासाठी अणुस्फोटकांचा आग्रह धरला. शीतयुद्ध नुकतेच संपले होते. बाँबच्या कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते, असा संशय अनेकांनी घेतला. त्यावर कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ साली असा युक्तिवाद केला की, जो दगड पृथ्वीपासून दूर ढकलता येतो, तोच दगड त्याच विद्येने पृथ्वीकडेही वळवता येतो. तेव्हा खरे आघात विरळ असताना असे सामर्थ्य घाईने उभारणे हाच मोठा धोका ठरेल. आम्हाला हा युक्तिवाद अतिशय मोलाचा वाटतो. हत्यार चांगले की वाईट हे विचारण्याआधी ते कोणाच्या हाती आणि कोणाच्या देखरेखीखाली राहणार, हे विचारले पाहिजे. मात्र त्यावरून तयारीच करू नये असे आम्ही म्हणणार नाही. तयारी उघड्यावर, सर्वांच्या डोळ्यांदेखत व्हावी, एवढेच म्हणू.

अशा उघड्या कामाचे एक सुंदर उदाहरण सुदानात घडले. ६ ऑक्टोबर २००८ रोजी ॲरिझोनातील दुर्बिणीला सुमारे चार मीटरांचा एक दगड दिसला. तो सुमारे एकोणीस तासांनी नुबियाच्या वाळवंटावर येणार, असा हिशेब निघाला आणि तो बरोबर ठरला. दगड पडण्यापूर्वीच ओळखला गेल्याचा हा पहिला प्रसंग. पुढे खार्टूम विद्यापीठातले विद्यार्थी व शिक्षक रांगा करून वाळवंट पायी तुडवीत गेले आणि त्यांनी शेकडो तुकडे गोळा केले. त्या तुकड्यांना नाव मिळाले 'अल्महाटा सिट्टा', म्हणजे सहावे स्टेशन. रेल्वेमार्गावरील त्या ओसाड स्थानकाचेच नाव. दुर्बीण एका देशाची, पाय दुसऱ्या देशाचे, आणि ज्ञान सर्वांचे.

याच्या उलट १५ फेब्रुवारी २०१३ ची सकाळ. रशियातील चेल्याबिन्स्क या औद्योगिक शहरावर सुमारे वीस मीटरांचा दगड सूर्याच्या दिशेने आला. म्हणून कोणालाच दिसला नाही. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर तो फुटला. त्याची शक्ती हिरोशिमाच्या बाँबच्या तीसपट भरेल. प्रखर उजेड पाहून माणसे खिडक्यांकडे धावली आणि दीड-दोन मिनिटांनी हवेचा धक्का पोचला, तेव्हा काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे पंधराशे माणसे जखमी झाली; जस्ताच्या एका कारखान्याचे छप्पर कोसळले. एका शाळेतील शिक्षिकेने उजेड दिसताच मुलांना बाकांखाली दडायला सांगितले. तिच्या वर्गातील मुले सुखरूप राहिली, ती स्वतः मात्र काचांनी जखमी झाली. उजेड दिसला तर खिडकीपासून दूर राहा, हे एक वाक्य त्या शहराला आधी ठाऊक असते, तर कितीतरी रक्त वाचले असते. त्याला अग्निबाण लागत नाही, बाँब लागत नाही. शाळेतला एक तास लागतो.

त्या घटनेनंतर कामाला वेग आला. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१४ पासून इशारा देणारे एक जागतिक जाळे आणि उपायांचा विचार करणारा अंतराळसंस्थांचा एक गट काम करू लागला. आणि मग झाला प्रत्यक्ष प्रयोग. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सोडलेले 'डार्ट' हे अमेरिकी यान, आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२२ ची पहाट होती तेव्हा, पृथ्वीपासून १ कोटी १० लाख किलोमीटरांवर डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरांच्या दगडावर जाणूनबुजून आदळले. यानाचे वजन सहाशे किलोंच्या आत. वेग सेकंदाला सहा किलोमीटरांहून अधिक. डायमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या दगडाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. निदान ७३ सेकंदांचा फरक पडला तर प्रयोग यशस्वी, असे ठरले होते. फरक पडला सुमारे ३३ मिनिटांचा! आघाताने उडालेली माती-खडी उलट दिशेला फेकली गेली आणि तिनेच दगडाला जादा रेटा दिला. बाँब लागला नाही. मोटारगाडीहून हलके एक यान पुरले. जागेवर जाऊन त्या धक्क्याचे मोजमाप घेण्यासाठी ७ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपचे 'हेरा' हे यान निघाले.

सगळ्या व्यवस्थेची खरी परीक्षा त्यानंतर झाली. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतील दुर्बिणीला सुमारे ६० मीटरांचा एक दगड सापडला. त्याचे नाव '२०२४ वायआर ४'. तो २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. आदळलाच तर तो ज्या पट्ट्यात पडू शकला असता, तो पट्टा पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आफ्रिका आणि अरबी समुद्रावरून दक्षिण आशियापर्यंत येत होता. वर्तमानपत्रांतून मुंबईचे नावही छापून आले. अधिक नोंदी झाल्या आणि महिना सरण्याच्या आत पृथ्वीवरील धोका निघून गेला. शक्यता आधी वाढते आणि मग एकदम ओसरते, यात लपवाछपवी काही नाही; नोंदी थोड्या असतात तेव्हा हिशेब ढोबळ असतो. येथे १७७३ चे पॅरिस आठवावे. या वेळी आकडे रोज उघडपणे प्रसिद्ध होत होते, आणि म्हणून घबराट आवाक्यात राहिली. परंतु तो पट्टा पुन्हा नकाशावर पाहा. दुर्बिणी आणि अग्निबाण बहुतांशी एकीकडे. टांगती तलवार मात्र लागोस, मुंबई यांसारख्या शहरांवर. उद्या असा दगड खरोखर येत असला आणि धक्का अर्धवट बसून तो एका देशावरून सरकून दुसऱ्या देशावर येणार असला, तर तो निर्णय कोण घेणार? तेथे ज्यांच्यावर दगड पडणार त्यांचा प्रतिनिधी बसलेला असेल काय?

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा, साडेतीनशे मीटरांच्या आसपासचा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरांवरून जाणार आहे. २००४ साली त्याने जगाला काळजीत टाकले होते. २०२१ च्या निरीक्षणांनंतर निदान शंभर वर्षे त्याचे भय नाही, असे ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२९ हे वर्ष या विषयाच्या जागृतीचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने आपल्या शाळांतून, संघटनांच्या कचेऱ्यांतून आणि वाचनालयांतून हा विषय निघाला पाहिजे. अफवा उठण्याच्या आधी माहिती पोचावी, हाच त्यातला हेतू.

मित्रहो, पृथ्वीवर आजवर नांदलेल्या प्राण्यांपैकी एकट्या माणसाला आपल्यावर येणारा दगड आधी पाहता येतो आणि वाटेत हलवता येतो. डायनोसॉरांना ती सोय नव्हती. परंतु ही शक्ती काही थोड्या देशांच्या कडीकुलपात राहिली, तर तिचा इतिहास वेगळा लिहावा लागेल. म्हणून आमची मागणी साधी आहे: पहारा अखंड चालावा, हिशेब सर्वांसमोर मांडला जावा, उपायाची साधने सर्व राष्ट्रांच्या देखरेखीखाली असावीत, आणि इशारा झोपडीतल्या माणसाला त्याच्या भाषेत, वेळेवर मिळावा. हे काम आकाशाचे असले तरी त्याचा आग्रह जमिनीवरच्या माणसांनीच धरायचा आहे. तो आपण धराल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.